जवसाचं तेल

मी अक्षरं काढतो.
बंडीच्या फळीवर मालकाचं नाव,
शाळेच्या भिंतीवर शंभरपर्यंत आकडे,
मेलेल्याच्या दगडावर तारीख.

आणीबाणीच्या त्या सालात भावफलक लय काढले.
हुकूम होता: हरेक दुकानात भाव दिसला पाह्यजे,
शिल्लक दिसली पाह्यजे.
शालिकराम लांजेवारच्या कंट्रोलात
काळ्या टिनावर काढलं मी
साखर, डालडा, साबण, घासलेट.
भाव पक्क्या रंगात, शिल्लक खडूनं,
कारण ती रोज पुसा लागे.
महिनाभर पुसाचं काम पडलंच नाही,
मंग शून्यही रंगानंच काढून देल्लं.
लांजेवार म्हणे, लहान काढ ना बाप्पा,
एवढं मोठं पाहून मले भोवळ येते.

पायरीपासून थेट खारीच्या विहिरीपर्यंत
डब्यांची रांग, दोरीत ओवलेली.
माणसं घरी, डबे उभे.
कोणी बोलत नसे.
हवा सुटली की डबे तेवढे वाजत.

पर्बताबाईनं सुनेच्या बाळंतपणाले पावशेर साखर मागतली.
चिठ्ठी आण म्हणे.
कायची?
नवऱ्याच्या नसबंदीची.
तो मरून नऊ वर्सं झाले.
मंग तसा दाखला आण.

कापूस फुटला होता तवा बीडीओ साहेब जीपनं आले.
तीन भिंती दाखवल्या: पंचायत, सोसायटीचं गोदाम, शाळा.
टाइप केलेला कागद देल्ला,
शिस्तीत देश उजळतो.
मी म्हटलं, रंग पातळ कराले घासलेट लागते, साहेब.
जीपच्या बॉनेटवरच परमिट लेहून देल्लं,
दहा लिटर.
अख्ख्या गावाले तवा दिवाळीपासून थेंब नव्हता.

रात्री डबा घरात ठेवला.
सुगंधानं झाकण काढून वास घेतला, बोलली काही नाही.
फडताळातून जवसाच्या तेलाची बुधली काढली,
घाण्यावरचं, कच्चं,
अन् माह्यापुढं ठेवली.
कच्च्या जवसात रंग वाळत नाही लवकर,
मले ठाऊक होतं.
तिले होतं का, हे इचाराचं राहूनच गेलं.

घासलेट पदराखालून गेलं, अद्ध्या-पावाच्या शिशांत.
मी अंधार पडेपर्यंत शिडीवर.
शाळेच्या भिंतीवरून गाव दिसे,
पह्यल्या रात्री दोन दिवे,
तिसऱ्या रात्री एकोणीस.
एका दिव्यात पर्बताबाईची सून मोकळी झाली, पोरगी.
गुळाचा खडा वाटला तिनं,
गूळ अजून कागदावर आला नव्हता.

मंग बंड्या निघाल्या जिनिंगले.
भिंतीजवळून एकामागं एक, भरून वर निघालेल्या,
अन् हवेवर कापसाचं पीस पीस
ओल्या अक्षरांले चिकटत गेलं.
आधी शिस्तीले मिशा आल्या,
देशाले दाढी,
अन् आठवडी बाजारापर्यंत
उजळतोचं तर पुरं मेंढरू झालं.
पोरं कुरवाळून जात.

साहेब आले. कायहे हे?
कापूस, साहेब.
पुसून काढ.
पुसाले घासलेट लागते, साहेब.

खरं सांगतो, हुशारी नव्हती ती,
तोंडातून निघून गेलं.
साहेब हसले नाही.
लांजेवार फळ्या लावत होता, तसाच थांबला.
साहेबानं माहं नाव इचारलं,
वहीत लेहलं,
गावाचं नाव लेहलं, अन् जीपमधी बसले.

जीप गेली, पण धूळ बसेना.
पाय लटपटू लागले म्हणून भिंतीले टेकलो,
घरी आलो तं सुगंधा म्हणे, पाठ दाखवा.
सदऱ्यावर उलटा उमटला होता
देश, दाढीसकट.

राखेनं घासला तिनं, रिठ्यानं घासला.
साबण तवा कुठं होता.