रिकाम्या झाडाखाली

व्हर्लिन स्टिडमचे कान केंटकीच्या कोळसाखाणीत गेले,
एकोणतीस वर्षांत, थोडे थोडे.
आधी चिमण्या गेल्या, मग बायकोची हाक,
सगळ्यात शेवटी कुत्री.
मी त्याची सून, सपाटीवरची, लुइव्हिलची.
कुत्रा म्हणजे दारात भुंकतो तो, एवढीच माझी विद्या.

आता नोव्हेंबरच्या रात्री, पानं झडून गेल्यावर,
आम्ही डोंगराच्या सोंडेवर ओंडक्यावर बसतो,
दिवा विझवून.
त्याचा तळवा दोघांच्या मध्ये, उताणा.
आधी बोट दाबायचं: करंगळी हेस्टर, अंगठा डीकन.
लांब हेल असेल तर मनगटापासून एक रेघ.
तुटक भुंकणं असेल तर टिचक्या.
एवढीच आमची लिपी.

हेस्टर ब्लूटिक. अंगभर निळेकाळे शिंतोडे,
कुणी शेजारी बसून दौत झटकावी तसे.
शिळ्या वासाची दर्दी.
दिवेलागणीला गेलेला रॅकून ती मध्यरात्री वाचते,
ओळीवर बोट ठेवून, अडखळत,
आणि वाचलेलं सगळं मोठ्यानं सांगते.
व्हर्लिन म्हणतो, हेस्टरला घाई झाली
तर समज, मी मेलोय.

डीकन वॉकर जातीचा. त्याला वास ताजाच लागतो, वाफाळता.
शिळ्याकडे ढुंकून पाहत नाही,
पण सापडला की पाय नाकाच्या पुढे पळतात,
ओढा ओलांडून, तारेखालून, पार शेजारच्या काउंटीत.
झाडापाशी पहिला तोच.
आणि कधी कधी झाड रिकामं.
रॅकून फांदीवरून फांदीवर केव्हाच पसार,
आणि हा बुंध्यावर पंजे रोवून शपथेवर सांगतोय
वर आहे, वर आहे, वर आहे.
"खोटं बोलणारा हाउंड," व्हर्लिन थुंकतो,
"चावऱ्यापेक्षा वाईट. चावरा निदान मनातलं सांगतो."

टग प्लॉट. वाघासारखे पट्टे,
अस्वलापुढून मागे सरला नाही म्हणून एक कान अर्धा.
तो बोलत नाही फारसा. त्याच्यासाठी बोट नाही ठरवलेलं.
तळव्यावर बराच वेळ काही उमटलं नाही
की व्हर्लिन मान डोलावतो: टग कामाला लागलाय.

गेल्या शुक्रवारी दरीतून हेस्टरचा हेल आला,
मग अर्धा हेल.
मग नुसता ओढा.
खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला, की आधीच गेला होता?
मला सांगता यायचं नाही.
त्यानं तळवा पुढे केला. "काय म्हणतेय?"
तेरा वर्षांची कुत्री, पाण्यावर बर्फाचा पापुद्रा.
मी करंगळी दाबली. रेघ ओढली. आणखी एक.
मग, देवा, टिचक्यासुद्धा:
सापडलं, झाडावर आहे, या.

त्यानं मूठ मिटली, हळूच, माझ्या बोटासकट.
"पोरी, हेस्टर इतक्या घाईनं कधी बोलत नाही.
रिकाम्या झाडाखाली भुंकलीस."

मग त्यानं कोट काढला, खाणीतला, घामट,
तिला जिथे सोडलं होतं तिथे अंथरला,
बाह्या आत दुमडून.
हरवलेला हाउंड आपल्याच मागावर परत फिरतो,
माणसाचा वास लागला की तिथे बसून राहतो, म्हणतात.
त्याचा बापही असाच उघडा घरी यायचा.
ट्रकमध्ये तो कुडकुडत होता. मी हीटर लावला.
मागच्या पेटीत डीकन अजून वर आहे, वर आहे करत होता.
मी ते त्याच्या हातावर काढलं नाही.

पहाटे गेलो. कोटावर दहिवर गोठून पांढरं,
मधोमध एक जागा सोडून:
गोल, कोरडी, कुत्र्याएवढी.
मी हात ठेवला. ऊब होती,
पण हातमोज्यातून नुकताच काढलेला हात, त्याचं काय खरं.

त्यानं तळवा पुढे केला.
या वेळी मी बोट उचललं नाही,
काहीतरी ऐकू येईपर्यंत.