गैरहजेरीची खिडकी

सव्वीस वर्षं मी या खिडकीत बसते.
क्लीव्हलंडच्या पूर्वेला, तलावावरचं वारं
जिथे थेट बाहीत शिरतं, तिथल्या सरकारी हायस्कुलात.
काम सोपं: जो आला नाही, त्याच्या घरी फोन.

फोन बहुतेक वाजतच राहायचे.
कधी एखादी आई उचलायची, रात्रपाळीहून येऊन नुकती आडवी झालेली,
म्हणायची, ‘सकाळीच निघाला की तो.’
मग आम्ही दोघी गप्प,
त्या एका वाक्याच्या दोन टोकांना.

एकवीसशे मुलं, चार मजले.
मला आडनावं पाठ होती, चेहरे नव्हते.
प्रुइट, केंड्रेल: एका सत्रात एक्केचाळीस दिवस.
हे नाव इतक्यांदा लिहिलं
की माझ्या सहीपेक्षा वळणदार यायला लागलं.

मग त्यांनी शाळा फोडली.
कँटीनमध्ये आम्ही तसंच म्हणायचो, हळू आवाजात.
तिसऱ्या मजल्यावर दवाखान्याची अकादमी,
तळघरात वाफेची आणि थंडाव्याची,
दीडशे-दीडशेचा घोळका, तेच चार शिक्षक, तीन वर्षं.
बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, मी म्हटलं.
आणि पोटातली भीती बोललेच नाही:
माझ्या वडलांना याच इमारतीनं लेथवर उभं केलं होतं
गणिताच्या वर्गात त्यांच्यासाठी बाक नाही म्हणून.

पण तळघरात वॉयचिक सर बीजगणित
पाइपांवर खडूनं लिहितात,
आणि ओडेल बाई पोरांकडून
बॉयलरच्या कंपनीला तक्रारपत्र लिहून घेतात,
स्वल्पविराम चुकला की परत. तीनदा, चारदा.
कंपनीचं उत्तर आलं तेव्हा
पोरांनी त्यातल्याच चुका लाल शाईनं दाखवल्या.

नोव्हेंबरात एक उंच मुलगा आला, खांद्यावर हत्यारांची पिशवी.
माझा रेडिएटर अकरा वर्षं घणासारखा ठोकत होता.
त्यानं त्यावर हात ठेवला, डोळे मिटले,
वरच्या मजल्यावरच्या मुली एकमेकींची नाडी बघतात, तसे.
‘उलटा उतार आहे, मॅम.
पाण्याला परतीची वाटच नाही, म्हणून आपटतंय.’
पलीकडच्या पायाखाली लाकडाच्या दोन चकत्या सरकवल्या,
एवढंच.
खोली इतकी शांत झाली की मला माझंच घड्याळ ऐकू आलं.
मी पावतीसाठी नाव विचारलं.
त्यानं सांगितलं.
मी लिहायच्या आधीच पेन लिहीत होतं.

जूनमध्ये मुख्याध्यापिका एक आलेख लावतात,
रेघ वर चढते. खोटी नाही,
तिचे आकडे मीच तर देते.
पण यसेनिया कॉर्देरो त्यात कुठे आहे?
रक्तदाब तिच्यासारखा कुणी मोजत नसे,
पट्टा बांधताना माणसाला हसवायची.
मार्चमध्ये गेली. बहिणीचं बाळ, भाड्याची थकबाकी,
कारण विचारलं तर फोनवर टीव्हीचा आवाज.
तिचा नंबर मी अजून फिरवते,
नियमात बसत नाही तरी,
बुधवारी.

आणि परवा, सातला वीस कमी,
बाहेर बर्फ गुडघाभर,
माझा फोन वाजला.
‘प्रुइट बोलतोय. बस अडकलीय, वीस मिनिटं उशीर होईल.
वॉयचिक सरांना सांगा,
मी आल्याशिवाय झडप उघडायची नाही.’

सव्वीस वर्षं मी तिकडे फोन करत होते.
इकडे कुणी केला नव्हता.
रजिस्टर उघडलं: हजर, गैरहजर, माफी.
यासाठी रकानाच नव्हता.
समासात पेन्सिलीनं वेळ लिहिली,
आणि जिना उतरून
स्वतः निरोप द्यायला गेले.