अकरा सेकंद

गंगावेशीत, दूध कट्ट्यावर, रात्री साडेनऊला
माझ्या ओठावर फेसाची मिशी असताना
त्या पोरीनं माईक पुढं केला :
'काका, रोजची करमणूक काय तुमची?'
मोबाईल धरणारा पोरगा मागं मागं सरकत
म्हशीच्या शेपटीला टेकला होता.
मी म्हणालो, 'करमणूक? तसं काय नाही ओ.
दुकान आन् घर.'
'थँक्यू काका.'
झालं. अकरा सेकंद.
नंतर पोराच्या फोनवर चारदा बघितलं, तेव्हा मोजले.
त्यातले दोन म्हशीचे.

आता सुचतंय.
सांगायला पायजे होतं की बाई,
माझं झेरॉक्सचं दुकान आहे, ऑनलाईन फॉर्मही भरतो,
आणि नेट गेलं की
पडद्यावर एक करडा डायनासोर येऊन थांबतो.
लोक म्हणतात, बिघडलं.
मी म्हणतो, स्पेसबार दाबा.
पळतो! निवडुंगावरनं उड्या मारत पळतो.
फॉर्म राहतो बाजूला, रांगेतले सगळे वाकून बघतात,
'उडी! उडी की लेका!'
गेल्या वर्षाच्या कॅलेंडरमागं आकडे लिहून ठेवलेत.
दूधवाला निजाम मुजावर पहिला : तेवीसशे चौदा.
धारा काढून बोटं तयार आहेत त्याची.
नेट परत आलं की सगळ्यांचा चेहरा पडतो.

आक्काताई चौगुले चष्मा विसरून येतात, नेमानं.
कंट्रोल दाबून धरायचं आणि अधिकची खूण, टक टक टक,
अक्षरं भाकरीएवढी.
'थांब, आता वाचतो मी माझं माझं,'
म्हणतात आणि मोठ्यानं वाचतात
सगळं, खालच्या अटी-शर्तींसकट.
रस्त्यावरचा रिक्षावाला ऐकत थांबतो.

भरतीची यादी लागते त्या दिवशी मात्र
मी डायनासोर काढत नाही.
चार हजार नावं. पोराच्या कपाळावर घाम.
कंट्रोल आणि एफ, आडनाव टाकायचं,
नाव असेल तर पिवळं होतं.
नसेल तर कोपऱ्यात शून्य.
तेव्हा मी प्रिंटरमध्ये कागद अडकलाय असं दाखवतो,
खाली वाकतो, बराच वेळ.
हे त्या पोरीला सांगितलं नसतं.
करमणुकीत बसत नाही ते.

सांगितलं असतं भणगे मॅडमचं.
तासभर खपून भरलेला फॉर्म, आणि चुकून फुलीवर क्लिक.
मॅडमनी अशी किंकाळी फोडली
की समोरच्या गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला.
मी तीन बोटं ठेवली : कंट्रोल, शिफ्ट, टी.
बंद झालेलं पान जसंच्या तसं उघडलं,
त्यांच्या नशिबानं लिहिलेलंही जाग्यावर होतं.
मॅडम बघतच राहिल्या.
त्यांनी पेठभर केलं.
आता लोक येतात आणि हळू आवाजात विचारतात.
एकाला मिटवलेले फोटो पाहिजेत.
एकाला जमिनीचा जुना नकाशा.
एकानं सायकल विचारली, निळी,
पंचगंगेच्या घाटावरनं गेलेली.
मी सांगतो, आत्ता बंद केलेलं पानच तेवढं येतं, भावा.
तो म्हणतो, बघ तरी दाबून.
दाबतो.
कुणाचं तरी वीजबिल उघडतं.
आम्ही दोघं ते नीट वाचतो.

तेव्हापासनं रोज साडेनऊला कट्ट्यावर येतोय,
दाढी करून.
इस्त्रीचा शर्ट बघून बायको काय बोलत नाही,
नुसती बघते.
पोरगी आली नाही परत.
कुणी म्हणतं, पापाच्या तिकटीला होती परवा,
चपलावाल्याला हेच विचारत होती,
तो तीन मिनटं बोलला म्हणे. तीन!

आज निजामनं ग्लास भरला,
वरनं धार सोडली, फेस काठाबाहेर,
आणि तो ग्लासच माझ्या तोंडापुढं धरला, माईकसारखा :
'हं, बोला काका. करमणूक?'
म्हैस पण वळून बघायला लागली.
सगळं तयार होतं माझं, डायनासोरपासनं.
म्हणालो, 'थांब, आधी पिऊ दे.'