धुतलेलं भांडं

साओ जोर्ज बेटावरच्या आमच्या गावात
पेंटेकॉस्टच्या आधी चिठ्ठ्या टाकतात.
ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी
चांदीचा मुकुट आठवडाभर वस्तीला,
माथ्यावर अंगठ्याएवढं कबुतर,
आणि रविवारी साऱ्या गावाला रस्सा.

मी नऊ वर्षांची असताना आमचं नाव निघालं.
गोठ्यात तीन गाई, त्यातली एक भाकड.
बाबा म्हणाले, पवित्र आत्म्याने आधी जरा चौकशी करायची.
आई काही बोलली नाही.
भाकडीच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत राहिली,
आणि आम्हाला कळलं रस्सा कशाचा.

जेवणाआधी आभार मानायला बसली
की आई थांबायची नाही.
पावाबद्दल, पिठाबद्दल,
पीठ उधार देणाऱ्या झुल्मिराबद्दल,
झुल्मिराचा गुडघा आज बरा आहे त्याबद्दल,
पुदिना न लावता उगवतो त्याबद्दल.
ताटातली वाफ संपून जायची.
बाबा एक डोळा किलकिला करून
'आमेन' कुठे दिसतं का बघत बसायचे.

त्या रविवारी सगळ्यांना वाढून झाल्यावर
तिने निळ्या काठाचं भांडं माझ्या हाती दिलं.
"एर्मिनियूकडे."
बाबांचा चमचा हवेतच राहिला.
"त्याला? ज्यानं दीड हात बांध सरकवला?
ज्याच्यापायी आपल्या गाई अख्खा डोंगर वळसा घालून
पाण्यावर जातात?"
"रस्सा गावाला," आई म्हणाली.
"एर्मिनियू सोडून गावाला, असं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही."

भांडं संध्याकाळी उंबऱ्यावर आलं. रिकामं.
आमच्याकडे कुणी भांडं रिकामं पाठवत नाही;
दोन अंडी, मूठभर घेवडा, निदान एक लिंबू.
बाबा नुसतं म्हणाले, बघ.
आईने ते दिव्यापाशी धरलं,
काठावरून बोट फिरवलं.
"धुतलंय," म्हणाली. "बुडाखालूनसुद्धा."

पुढे अकरा वर्षं,
मुकुट आमच्याकडे असो नसो,
भांडं भरून गेलं, धुऊन आलं.
आभारांच्या यादीत एक नाव वाढलं,
झुल्मिराच्या गुडघ्याच्या लगेच नंतर.
बाबा त्या नावाला खोकायचे.

बाराव्या वर्षी, फेब्रुवारीत, बाबा गेले.
एर्मिनियू मातीला आला नाही.
फाटकाबाहेर टोपी काढून
पावसात उभा होता, असं कुणीतरी म्हणालं.
पेंटेकॉस्टला मी भांडं नेलं ते आईच्या धाकाने.
परत आलं तेव्हा जड होतं.
आत एक धोंडा,
काळा, भोकाभोकांचा, मातीने माखलेला.

मी फेकायला निघाले.
आईने तो हातात घेतला, उलटा केला,
मातीचा वास घेतला
आणि बूट चढवून शेताकडे चालू लागली.

बांधाला खिंडार होतं,
बरोबर एका गाईच्या अंगाएवढं.
उपसलेले दगड बाजूला रचलेले,
फळीवरच्या ताटांसारखे.
पलीकडे पाणी दिसत होतं.
आमची तांबडी आधीच तिथे पोचली होती,
कुणाची परवानगी न विचारता.

तो धोंडा मी अजून चीज दाबायला वापरते.
आई नाही, एर्मिनियू नाही.
मला आईएवढं मन नाही;
यादी मी निम्मीच म्हणते,
रस्सा मला गरम लागतो.
पण दोन नावं गाळत नाही,
आणि तो गुडघा,
जो आता कुणाचाच नाही.

शेत पुतण्याकडे गेलंय, कॅनडाहून आलाय.
काल निळ्या काठाचं भांडं नेलं त्याच्याकडे.
दारात उभा राहिला,
वाफेने चष्मा धुरकटलेला,
खिसा चाचपत विचारलं त्याने,
किती द्यायचे?

म्हटलं, धुऊन आण.