जरबेराच्या घरात

टोकावड्याला माळशेजवरून वारा उतरतो
तो रात्री दोननंतर.
आधी कुत्री गप्प होतात,
मग पत्रा आक्रसतो, टिक्, टिक्.
मागच्या पौषात खुराड्यातल्या सात कोंबड्या
उबेसाठी एकीवर एक चढून
गुदमरल्या, त्या याच वेळेला.

म्हणून यंदा शेवंताआत्यानं
पॉलिहाऊसची कडी काढली.
जरबेरा कधीच गेला होता.
उरले होते लाल मातीचे गादीवाफे,
ठिबकच्या काळ्या नळ्या
आणि एक सुकलेलं फूल,
जे पहिल्याच दिवशी तांबडीनं चोचीत धरून
या टोकापासून त्या टोकापर्यंत मिरवलं.
बाकीच्या मागे धावल्या,
जणू खायचीच वस्तू आहे.

फाटलेल्या जागी फ्लेक्स शिवलाय,
कुणाचा तरी वाढदिवस,
जोडलेले हात, हसरा चेहरा, आतून उलटा दिसणारा.
त्याच्या हार्दिक शुभेच्छांखाली
एकोणतीस कोंबड्या आणि एक जमादार
भाताच्या तुसात पोटं रुतवून झोपतात.

मी शनिवारी येतो.
आठवडाभर तुर्भ्याला, शीतगृहात, उणे अठरा.
कंपनीचं जाड जाकीट,
मिशीवर खडेमिठासारखं काहीतरी.
तिथंही कोंबड्याच.
खोक्यात दहा-दहा, पाय आत दुमडलेले,
मी खोकी मोजतो
आणि पिल्लईसाहेब माझी मोजणी मोजतात.
आत्याला हे सांगितलेलं नाही.
ती विचारते, काय ठेवता रे एवढ्या गारठ्यात?
मटार, म्हणतो मी.
मटारही असतो.

पहिल्या रात्री मीच सगळे पडदे खाली सोडले,
दोऱ्या आवळल्या, फटींत गोणपाट कोंबलं.
ज्याची नोकरी दार घट्ट लावायची
तो दुसरं काय करणार.
सकाळी छतातून थेंब गळत होते,
बाहेर कोरडं ऊन, आत रिपरिप,
आणि सगळ्या माना वर करून बघतायत.
डोळ्यांत पाणी आणणारा वास.
जमादार शिंकला.
आत्यानं बांबूनं वरचा पडदा ढकलला, हातभर.

"थंडीनं नाही मरत कोंबडी, बाबा.
ओलीनं मरते.
वारा डोक्यावरून जाऊ द्यायचा,
पायांतनं नाही."

मग माझा हात धरून
तुसात खाली, पार मनगटापर्यंत घातला.
खालचा थर कोमट होता.
त्यांची स्वतःचीच घाण, म्हणाली ती,
उकरत राहतात, तापत राहते.

सोमवारी पहाटे पाचच्या कल्याण एसटीला निघताना
तिनं एक अंडं जाकिटाच्या खिशात टाकलं,
ताजं, अजून जरासं ओलसर.
खायला नाही, हात शेकायला.
मुरबाडपर्यंत ते पुरलं.
मग मी ते विसरलो.

अकरा वाजता, चौथ्या रांगेत,
पेन काढायला खिशात हात गेला.
उभी चीर गेली होती त्याला,
आत पांढरं, दगड.
आवाज झाला असणार, मी ऐकला नाही.
पंख्यांपुढं काही ऐकू येत नाही तिथं.
पिल्लईसाहेबांनी विचारलं, किती?
मी म्हटलं, परत मोजतो.

शनिवारी आत्यानं चहा पुढं करत विचारलं,
शेकले का हात?
शेकले, म्हटलं.

रात्री दोन वाजता कुत्री गप्प झाली.
मी जाकीट न घालताच उठलो.
वरचा पडदा उघडाच होता, हातभर,
त्यातून एक चांदणी
आणि फ्लेक्सवरच्या माणसाचा एक कान दिसत होता.
उघड्या मानेची कडेला बसली होती.
तिच्या पोटाखाली बोटं सरकवली.

तिनं चोच मारली, चांगली खच्चून.
मग थोडी सरकून बसली.