लॅगिंग

एकतीस वर्षं कोराडीत माझं काम एकच:
आग पळून जाऊ न देणं.
पाइपाच्या पोटात साडेपाचशे अंशांची वाफ
आणि वरून मी,
ग्लासवूलची गादी, जाळी, तार, पत्रा.
बाहेरून हात लावाल तर कपाइतकंच कोमट.
साहेब हात लावून बघायचे, मान डोलवायचे.
कागदावर हुद्दा लांबलचक होता,
बॉयलरच्या पोरांत मी नुसता रजईवाला पौनीकर.

आणि घरी?
मानेवाड्यात तिसरा मजला, पश्चिमेची भिंत,
तिला सावली कुणाचीच नाही.
नवतपा लागला की दिवसभर ऊन गिळायची
आणि रात्री बाराला रवंथ करत बसायची,
तोंड आमच्याकडे करून.
कूलर ओला वाळा हुंगवायचा,
मीटरचा लाल ठिपका लुकलुकायचा,
शकुन पलंग ओढायची भिंतीपासून,
चैत्रात वीतभर, वैशाखात हातभर,
ज्येष्ठात थेट खोलीच्या मधोमध,
आटल्या पात्रात नाव अडकावी तसा.
फरशीवर पायांचे ओरखडे आहेत अजून.

माझ्या कधी डोक्यातच आलं नाही
की ज्या हातानं आग आत कोंडली
त्याच हातानं ऊन बाहेर ठेवता येतं.
रिटायर झाल्यावर पहिल्यांदा
मे महिन्यातली दुपार घरी काढली,
तेव्हा कळलं.

सोसायटीची मीटिंग.
तळमजल्याचे बावनथडे म्हणाले,
"आमच्या भिंतीले कडुलिंब आहे, आम्ही काहून पैसे द्यावे?"
गिऱ्हेपुंजे बाईंनी विचारलं, रंग कोणता राहील?
मागून कोणी तरी, "भिंतीले मखर करून राहिले का, गणपती बसवाचा आहे?"
मी बोललो नाही.
स्टीलचे दोन गिलास आणले, चहा ओतला,
एकाला जुना लोकरी पायमोजा चढवला.
मीटिंग लांबतच गेली.
शेवटी बावनथड्यांनी पायमोज्याचा गिलास उचलला,
मोठा घोट घेतला
आणि जीभ पोळली.
ठराव पास.

परांचीवर जगन उइके, छिंदवाड्याकडचा पोरगा.
रॉकवूलच्या पाट्या चिकटवायचा, छत्रीचे खिळे ठोकायचा,
वर जाळी, वर गिलावा.
संध्याकाळी कोपरं खाजवत बसला.
"गरम पाणी नको घेऊ," मी म्हटलं,
"गारच ओत, आणि चोळू नको, कुसळं आत जातात."
सांगता सांगता माझीच मनगटं खाजायला लागली,
इतक्या वर्षांनी.
सांधा उघडा राहिला तर सगळं फुकट,
म्हणून मी खिडकीतून बोट दाखवत ओरडायचो,
तो हसायचा.
एकदा त्यानंच मला फट दाखवली,
माझ्या चष्म्याला न दिसलेली.
त्या दिवसापासून मी ओरडणं सोडलं,
चहा द्यायला लागलो.

पहिली रात्र. पारा दिवसा सेहेचाळीस होता.
एक वाजता शकुन उठली,
सवयीनं तळवा भिंतीला लावला,
ताप बघावा तसा.
बराच वेळ हात तिथंच.
मग म्हणाली, "परकी वाटून राहिली."

मी गच्चीवर गेलो.
हवा स्वच्छ असली की उत्तरेला
कोराडीच्या धुरांड्यांचे लाल दिवे दिसतात.
आमच्या घरानं आज त्यांच्याकडून
किती कमी मागितलं, आकडा मांडला:
दोन-चार मुठी कोळसा.
माझ्या काळी वाघिणीच्या फटीतून
याहून जास्त सांडायचा, आणि कोणी वाकून उचलायचं नाही.
तरी मी तो आकडा
पुन्हा एकदा मांडला.

आठवडा झाला.
पलंग मधोमधच आहे.
आज झाडताना दिसलं,
पाय जुन्या ओरखड्यावरून
चार बोटं सरकलेत, भिंतीकडे.
मी काही विचारलं नाही.
तेवढा भाग सोडून झाडलं.