तिसरा बोल्ट

एकोणतीस वर्षं मी रबाळ्याच्या कंपनीत
गेज तपासत आलो.
वाफेचे, तेलाचे, आम्लाच्या टाकीवरचे.
काटा शून्यावर बसतो का,
उठला की परत येतो का,
मग हिरवा स्टिकर, खाली तारीख, खाली माझी सही.
माझ्या सहीवर बॉयलर पेटायचे.

म्हणून घणसोली गावठाणात, हिराजी मढवीच्या गॅरेजात,
गेलो तो जरा ऐटीतच गेलो.
रात्री गोठिवलीला हळद, टेम्पो दारात,
आणि त्याच्या नातीनं, तेजलनं, मागवलेला
नवाकोरा टेन्शन गेज माझ्या हातात:
"काका, तुम्हीच दाखवा आजोबांना. माझं ऐकत नाहीत."

फ्लोअर टॉमला आठ बोल्ट.
मी शोकेसची काच मागितली,
काचेवर ठेवून शून्य धरलं,
मग पानावर, काठापासून दोन बोटं आत,
एकेका बोल्टापाशी थांबत गेलो.
कमी तिथं चावीचा पाव फेरा, जास्त तिथं उलटा.
शेवटी आठही ठिकाणी ब्याऐंशी.
आमच्याकडे याला 'पास' म्हणतात.

हिराजी गुडघ्यावर बसला. टिचकी मारत फिरला,
बाजारात नारळ वाजवून बघावा तशी,
आणि बाजूला ठेवावा तशी मान हलवली.
"तिसरा रुसलाय."
"अहो, आकडा सारखा आहे."
"आकडा हाय सारखा.
एका पंगतीला बसवला म्हनून
सगल्यांना सारखीच भूक लागते काय?"

मी पुन्हा काच घेतली. शून्य.
गेज खरा होता.
मग टेप काढला, रिंग आडवीउभी मोजली.
तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत
सहा मिलिमीटर कमी.
"टेम्पोतून पडलेला," हिराजी म्हणाला,
"महाप्याच्या पुलावर. नवरदेव थांबला व्हता, ढोल नाय थांबला."
म्हणजे खोटं कोणीच बोलत नव्हतं.
ढोलच गोल नव्हता.

त्यानं चावी घेतली.
तिसऱ्याला ओढलं, सहाव्याला सोडलं,
तळवा पानावर ठेवून मधेच डोळे मिटले.
मग काठी पडली
आणि आवाज आला,
जड दार कुणी हळूच लोटून घ्यावं तसा.

तेजल स्पीकर चढवायला बाहेर गेली.
हिराजी सरकून माझ्या उजवीकडं आला.
"या अंगानं बोल. माजा उजवा कान गेला.
सिंबल त्याच बाजूला, बावीस वर्सं.
डावाबी आता पीठ चाळल्यासारका आयकतो.
बोटांवर चाललाय सगला.
पोरीला सांगू नको."
मग गेजकडं बोट केलं:
"आता मोज. मी लावलाय तसा. काय येल ते लिव."

ब्याऐंशी, ऐंशी, सत्त्याऐंशी,
ब्याऐंशी, एक्क्याऐंशी, एकोणऐंशी,
पंच्याऐंशी, ब्याऐंशी.
यावर कुठला तपासनीस सही करील?
खिशात सवयीनं राहिलेला एक हिरवा स्टिकर होता.
बारीक अक्षरात आठही आकडे लिहिले,
तारीख घातली, सहीही केली,
आणि टॉम खालून उघडाच असतो, तिथून हात घालून
आत, लाकडाला चिकटवला.
'पुढील तपासणी' ही ओळ तेवढी कोरी राहिली.
विचारलं, "इथं काय लिहू?"
त्याला ऐकूच गेलं नसावं.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मग परत, लांबलचक.
हिराजी पानावरची धूळ फडक्यानं पुसत राहिला.
तेजल आत आली,
हाक न मारता वळसा घालून त्याच्या समोर गेली,
आणि खांद्याला हात लावून
सवयीनं, हातानंच म्हणाली, चला.